अंगठ्याएवढी

वृंदानं फोटो पाठवला तेव्हा तिकडे हंगेरीत उणे सात,
आणि इथे काटोल रोडला मी बिनबाह्यांच्या स्वेटरात.
फोटोत एक मोडकी क्लिप. बारीक तार,
घोड्याच्या नालेसारखी वाकवलेली, एक टोक गेलेलं.
शेजारी, माप कळावं म्हणून, एक नाणं.

बाबा, काचेचं हँडल एवढ्याशावर उभं असतं म्हणे.
हातातच आलं. काच दोन बोटं उघडी राहिली,
तिथे पिशवी चिकटवली आहे मी.
गाडी पळाली की फडफडते, बर्फ आत येतो.
गॅरेजवाला म्हणतो, सुटी मिळत नाही,
दाराच्या आतलं सगळंच बदलू. महिन्याचं भाडं जाईल त्यात.
आणि गाडी आपल्याकडचीच आहे हो,
बॉनेटखाली लिहिलंय, मेड इन इंडिया.

कोराडीला एकतीस वर्षं मी स्टोअर सांभाळलं.
कोणता वॉशर कोणत्या कप्प्यात,
झोपेतून उठवून विचारा.
त्या माणसाला पोरगी विचारते, मिळेल का?

लोहापूल ओलांडून घाट रोडला गेलो.
पहिला म्हणाला, हँडलच घ्या ना जी.
दुसरा फोटो न बघताच नाही म्हणाला.
तिसऱ्याकडच्या मुलानं फोटो मोठा केला, अजून मोठा,
शेवटी क्लिपच्या जागी नुसते राखाडी चौकोन उरले.
चौथं दुकान इद्रीसभाईंचं. बिस्किटांच्या बरण्या,
आत स्क्रू, स्प्रिंगा, कशाकशाच्या टोप्या.
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
"नाल आहे. तीन साइजमध्ये येते.
पण हे नाणं केवढं आहे जी?"

वीस फोरिंट. मला काय ठाऊक केवढं?
त्या देशाचं नाणं माझ्या तळहातावर कधी पडलंच नाही.

फुटपाथवरूनच फोन लावला.
"थांबा," म्हणाली, आणि नवा फोटो आला:
क्लिप तिच्या अंगठ्यावर.
"माझा अंगठा तर माहीत आहे ना तुम्हाला?"

माहीत होता. बँकेच्या फॉर्मवर निळ्या शाईत उमटलेला.
तेव्हा ती आठ वर्षांची होती.

मग सुचलं. घरी आलो, हिला म्हटलं, चल, अंगठा पाहिजे.
"आता काय लिहून घेता?" ही म्हणाली,
"घर तर आधीच तुमच्या नावावर आहे."
तरी स्कार्फ बांधून स्कूटरवर बसली.

इद्रीसभाईंनी काउंटरवरचं ऑइल पुसलं, पेपर अंथरला.
हिनं अंगठा ठेवला. रुंद, नखाशी चपटा,
विळीचा जुना आडवा चिरा.
ते एकेक नाल त्यावर ठेवत, फोटोकडे बघत.
"मोठी."
"ही बी मोठी."
फॅनबेल्ट मागायला आलेला ट्रकवाला
आपलं काम विसरून वाकून उभा.
तिसरी नखाच्या कडेला टेकली, फोटोत टेकली होती तिथेच.

काम झालं, पण ही अंगठा काढेना.
फोटोतल्या अंगठ्याकडे बघत म्हणाली,
"कातडी फाटली आहे तिची.
काही लावत नाही ही पोरगी."

आठ रुपयाला एक. सात घेतल्या.
कुरियरवाल्यानं मालाची किंमत विचारली.
अठ्ठेचाळीस, म्हटलं.
त्यानं पुन्हा विचारलं.
तेवढ्यात हिनं पर्समधून व्हॅसलीनची डबी काढली,
आणि पाकिटाचं पार्सल झालं,
दर तीन हजार दोनशे.

बाराव्या दिवशी फोन. "ऐका," म्हणाली.
आधी नुसता वारा.
मग कर्र, कर्र, चार फेरे.
मग वारा नाही.

सहाच पाठवल्या होत्या.
सातवी कपाटात आहे, काडेपेटीत, वर चिठ्ठी लावून.
आमच्याकडे गाडी नाही.
पण शेवटचा नग
स्टोअरमधून जाऊ द्यायचा नसतो.